टेमर नदीपलीकडची माणसं

थंडी पडली की आपल्याकडे बऱ्याच घरांत वाण्याच्या यादीत पिअर्स साबण येतो. उजेडाकडे धरला तर मधासारखा आरपार दिसणारा. हा साबण पहिल्यांदा बनवणारा अँड्र्यू पिअर्स न्हावी होता. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला मेव्हागिसी नावाचं मासेमारीचं छोटं बंदर आहे, तिथला. लंडनला जाऊन त्याने सोहो भागात दुकान थाटलं. तेव्हाचे जहाल साबण श्रीमंत गिऱ्हाइकांच्या कातडीला सोसत नाहीत हे त्याच्या लक्षात आलं आणि १८०७ मध्ये त्याने हा पारदर्शक साबण काढला.

तो ज्या मुलखातून आला त्याचं नाव कॉर्नवॉल. ब्रिटनच्या नकाशावर डावीकडे खाली समुद्रात घुसलेली जी शेपटी दिसते, ती. लोकसंख्या आजही सहा लाखांच्या आतच, म्हणजे सोलापूर शहरापेक्षा कमी. तीन बाजूंनी समुद्र, चौथ्या बाजूला टेमर नदी. एवढ्याशा तुकड्यातून रुळांवर धावणारं पहिलं वाफेचं इंजिन बनवणारा माणूस आला. सोडियम, पोटॅशियम आणि टायटॅनियम शोधणारे आले. नेपच्यूनचं गणित मांडणारा आला. आणि ब्रिटिश सरकारला त्याच्याच छळछावण्यांबद्दल जाब विचारणारी एक बाईही आली. इतकी माणसं एकाच कोपऱ्यातून कशी निघाली? माझ्या मते याचं निम्मं उत्तर जमिनीखाली सापडतं. उरलेलं समजायला त्या लोकांची भाषा आणि त्यांचा जुना राग यांची थोडी ओळख करून घ्यावी लागते. तिथूनच सुरुवात करू.

कॉर्नवॉलचे मूळ लोक इंग्रज नव्हेत, केल्टिक. त्यांची कॉर्निश भाषा वेल्श आणि फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या ब्रेटन भाषेची बहीण. इंग्रजीशी तिचं नातं फार लांबचं. दहाव्या शतकात अथेलस्टन राजाने टेमर नदी ही हद्द ठरवली, आणि कॉर्निश माणूस अजूनही नदी ओलांडली की 'इंग्लंडात गेलो' म्हणतो. आडनावांवरून माणूस ओळखता येतो. आपल्याकडे जसं गावाच्या नावाला 'कर' लागतं, तसं त्यांच्याकडे नावाच्या आधी 'ट्रे', 'पॉल' किंवा 'पेन' येतं. ट्रे म्हणजे वाडी किंवा वस्ती, पॉल म्हणजे तळं, पेन म्हणजे टोक. पेंट्रीथ या आडनावाचा अर्थ पुळणीचं टोक. ही नावं पुढे भेटतीलच.

आता राग. १४९७ साली सातव्या हेन्री राजाने स्कॉटलंडशी लढायला कर बसवला. स्कॉटलंड देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, तिथल्या लढाईचा खर्च आम्ही का सोसायचा, असा कॉर्निश लोकांचा सरळ सवाल होता. त्यात भर म्हणजे, कथील काढणाऱ्यांना तिथे शेकडो वर्षांपासून स्वतःची न्यायालयं आणि स्वतःची सभा होती, तिला 'स्टॅनरी' म्हणत. राजाने हे हक्क नुकतेच गोठवले होते. सेंट केव्हर्न गावचा मायकेल जोसेफ उठला. धंद्याने लोहार, म्हणून त्याला 'अॅन गॉफ' म्हणायचे. कॉर्निशमध्ये त्याचा अर्थच 'लोहार'. सोबतीला बॉडमिनचा वकील थॉमस फ्लॅमँक. लोहाराने माणसं जमवली, वकिलाने कायद्याची बाजू मांडली आणि हजारोंचा जमाव पायी निघाला तो थेट लंडनच्या वेशीवर ब्लॅकहीथला पोचला. १७ जूनला राजाच्या फौजेने त्यांना चिरडलं. दहा दिवसांनी दोघांना हालहाल करून मारलं. फाशीकडे नेताना अॅन गॉफ म्हणाला होता की माझं नाव आणि कीर्ती कायमची राहील. १९९७ मध्ये, पाचशे वर्षं झाल्यावर, सेंट केव्हर्नपासून ब्लॅकहीथपर्यंत माणसं पुन्हा चालत गेली, म्हणजे लोहाराचं म्हणणं खोटं ठरलं नाही.

पन्नासेक वर्षांनी, १५४९ मध्ये, दुसरा उठाव झाला. या वेळी कारण प्रार्थनेचं पुस्तक. लॅटिन प्रार्थना बंद, आता सगळ्यांनी इंग्रजीतच म्हणायची, असा सरकारी हुकूम निघाला. कॉर्निश लोकांनी लिहून कळवलं की आमच्यातल्या काहींना इंग्रजी येतच नाही, तेव्हा ही नवी इंग्रजी आम्हाला नको. तोही उठाव मोडला, हजारो माणसं गेली. प्रार्थना कॉर्निशमध्ये कधी छापलीच नाही. वेल्समध्ये त्याच शतकात बायबल वेल्शमध्ये आलं आणि वेल्श भाषा जगली. कॉर्निशला ते भाग्य लाभलं नाही, ती हळूहळू पश्चिमेकडे सरकत समुद्रापर्यंत गेली आणि तिथे संपत आली.

ती जिथे संपत आली त्या गावाचं नाव माउझल. इंग्रजीत लिहिताना 'उंदराचं बीळ' असं लिहितात, बोलताना माउझल म्हणतात. १७६८ मध्ये डेन्स बॅरिंग्टन नावाचा एक विद्वान गृहस्थ कॉर्निश बोलणारं कोणी उरलंय का ते शोधत तिथे पोचला. लोकांनी त्याला डॉली पेंट्रीथ नावाच्या म्हाताऱ्या कोळणीच्या झोपडीवर नेलं. बॅरिंग्टन म्हणाला, "ही भाषा बोलणारं कोणी उरलेलं नाही अशी मी पैज लावली आहे." त्यावर डॉलीने दोन-तीन मिनिटं तावातावाने त्याला काहीबाही सुनावलं. समोरच्या दारात दोन म्हाताऱ्या उभ्या राहून हसत होत्या. बॅरिंग्टनने त्यांना विचारलं, "ही मला शिव्या देतेय का?" त्या म्हणाल्या, "हो, अगदी मनापासून. तिला कॉर्निश येत नाही असं तुम्ही धरून चाललात ना!"

डॉली १७७७ मध्ये गेली आणि 'कॉर्निश बोलणारी शेवटची बाई' म्हणून प्रसिद्ध झाली. गंमत बघा, शिव्या कळून हसणाऱ्या त्या दोघी शेजारणी या हिशेबात कोणी धरल्याच नाहीत. विल्यम बोडिनार नावाच्या त्याच गावच्या मच्छीमाराने १७७६ मध्ये बॅरिंग्टनला कॉर्निशमध्ये पत्र लिहून कळवलं होतं की गावात अजून चार-पाच म्हातारी माणसं ही भाषा बोलतात. तेव्हा 'शेवटची' हा शब्द जरा जपूनच घ्यावा. पुढे १९०४ मध्ये हेन्री जेनर याने कॉर्निश शिकवणारं पुस्तक काढलं आणि भाषा पुन्हा शिकली जाऊ लागली. युनेस्कोने तिला आधी 'मृत' म्हटलं होतं, २०१० मध्ये तो शिक्का मागे घेतला.

आता जमिनीखाली जाऊ.

कॉर्नवॉलचा कणा ग्रॅनाइटचा. कोट्यवधी वर्षांपूर्वी हा दगड तापलेला असताना त्याच्या भेगांतून गरम पाणी फिरलं आणि जाताना कथील, तांबं मागे ठेवून गेलं. या खनिजांच्या शिरा उभ्या खोल जातात. वरचं खनिज संपलं की खाली जायचं, अजून खाली जायचं, काही ठिकाणी तर समुद्राच्या तळाखालून जायचं. आणि खाली गेलं की पाणी. खाण चालवायची म्हणजे रात्रंदिवस पाणी उपसायचं. त्यासाठी वाफेची इंजिनं आली, पण इंजिनाला लागतो कोळसा आणि कॉर्नवॉलमध्ये कोळशाचा खडाही नाही. सगळा कोळसा वेल्समधून जहाजाने यायचा. उत्तर इंग्लंडच्या कोळसा खाणीत इंजिन कितीही कोळसा खावो, तो दारातच पडलेला असे. कॉर्नवॉलमध्ये दर टोपलीचे पैसे मोजावे लागत. म्हणून वाफ वाचवण्याची अक्कल सगळ्यात जास्त कॉर्नवॉलमध्ये पिकली. मला वाटतं या सगळ्या गोष्टीचं मर्म हेच आहे.

जेम्स वॉटचं सुधारलेलं इंजिन कोळसा खूप वाचवत असे, पण जेवढा कोळसा वाचेल त्याच्या किमतीचा तिसरा हिस्सा वॉटच्या कंपनीला द्यावा लागे. शिवाय पेटंट असल्यामुळे दुसऱ्या कोणी त्यात काही सुधारणा केली की कोर्टात खेचत. हे पेटंट १८०० साली संपलं आणि त्याची वाट पाहणाऱ्यांत सगळ्यात उतावळा होता रिचर्ड ट्रेव्हिथिक. जन्म १७७१, कॅम्बोर्नजवळचा. वडील खाणीचे कप्तान, म्हणजे तिथला मुकादम-व्यवस्थापक. मुलगा सहा फूट दोन इंच उंच, कुस्तीगीर. शाळेतल्या मास्तरांचा अभिप्राय असा की मुलगा हट्टी, मंद आणि आज्ञा न पाळणारा.

त्याने काय केलं ते समजायला कुकर डोळ्यांसमोर आणा. वॉटच्या इंजिनात वाफेचा जोर फारसा नसे. सिलिंडरमध्ये वाफ भरायची, मग ती बाजूच्या गार भांड्यात नेऊन तिचं पाणी करायचं. वाफेचं पाणी झालं की पोकळी होते आणि दट्ट्या त्या पोकळीकडे ओढला जातो. मुख्य काम पोकळीचं. त्यासाठी ते गार भांडं, त्याचं पाणी, त्याचा पंप, असा घराएवढा पसारा लागे. ट्रेव्हिथिकचं म्हणणं: वाफ कुकरसारखी कोंडा, तिचा जोर वाढू द्या, तो जोरच दट्ट्याला ढकलेल. आणि काम झालं की वाफ सरळ हवेत सोडून द्या. गार भांडं नको, पंप नको. इंजिन लहान होईल, इतकं लहान की गाड्यावर बसेल.

शंका एकच होती. वाफ हवेत सोडली तर ताकद किती वाया जाईल? हट्टी मुलाचं गणित कच्चं, म्हणून त्याने ओळखीच्या एका शिकलेल्या जमीनदाराला विचारलं. त्याचं नाव डेव्हीस गिडी, सेंट अर्थ गावचा, ऑक्सफर्डला शिकलेला. गिडीने सांगितलं, कितीही जोराची वाफ घे, नुकसान नेहमी एकाच वातावरणाच्या, म्हणजे भोवतालच्या हवेच्या, दाबाएवढं, त्याहून जास्त नाही. उदाहरणार्थ, वाफेचा दाब हवेच्या सव्वापट असेल तर एक वजा होऊन हाती पावच उरतो. पण दाब पाचपट असेल तर एक गेला तरी चार उरतात. जोर जितका जास्त, तितकं ते नुकसान किरकोळ. गिडीने पुढे लिहून ठेवलंय की हे ऐकून झालेला इतका आनंद त्याने दुसऱ्या कोणाच्या चेहऱ्यावर पाहिला नव्हता.

आगगाडीचा तो झुक-झुक आवाज आठवतो? काम संपवून धुराड्यातून हवेत सुटणाऱ्या वाफेचा तो आवाज. गिडीने सांगितलेलं ते 'एक वातावरण' दर ठोक्याला बाहेर पडतं, ते आपल्याला ऐकू येतं.

१८०१ च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी ट्रेव्हिथिकची वाफेची गाडी कॅम्बोर्नच्या चढावर माणसं घेऊन चढली. रूळ नव्हते, साधा रस्ता. चारेक दिवसांनी गाडी घळीत अडकून बिघडली. मंडळींनी ती एका छपराखाली लावली आणि खानावळीत भाजलेला कलहंस आणि दारू यांच्या समाचाराला गेली. विस्तव विझवायचा राहिला. पाणी आटलं, लोखंड लालबुंद झालं, गाडी जळाली आणि छप्परही.

१८०३ मध्ये ग्रिनिचला त्याचा एक बॉयलर फुटून चार माणसं मेली. कोंडलेल्या वाफेचा वॉटला आधीपासूनच धसका होता. ट्रेव्हिथिकने पुढे एका पत्रात लिहिलं की ही वाफ वापरात आणल्याबद्दल मला फासावर द्यायला हवं, असं वॉट म्हणाला होता. त्या अपघातानंतर ट्रेव्हिथिकने बॉयलरला दोन झडपा बसवल्या आणि शिशाची एक गुडदी. पाणी कमी होऊन बॉयलर जास्त तापला तर शिसं वितळायचं आणि वाफ निसटायची. आपल्या कुकरच्या झाकणावर शिट्टीशेजारी जो छोटा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, तो याच युक्तीचा. डाळ लावून पाणी घालायला विसरल्यावर तो उडतो तेव्हा बाईमाणसाचा जीव वाचलेला असतो.

२१ फेब्रुवारी १८०४ ला वेल्समध्ये मर्थर टिडफिलजवळ त्याच्या इंजिनाने रुळांवरून दहा टन लोखंड आणि सत्तर माणसं ओढली. पंधरा किलोमीटरहून थोडं जास्त अंतर, चार तास पाच मिनिटं. म्हणजे चालत जाणाऱ्याच्याच वेगाने, पण घोडा नव्हता. इंजिनाच्या वजनाने बिडाचे रूळ मोडत होते, त्यामुळे प्रकार तिथेच थांबला. मुंबई-ठाणे गाडी धावली १८५३ मध्ये, या दिवसानंतर एकोणपन्नास वर्षांनी. इतिहासाच्या पुस्तकांत आगगाडीचा जनक म्हणून मधल्या काळातला जॉर्ज स्टीव्हन्सन भेटतो. तो मोठाच, पण वाफ कोंडून हवेत सोडण्याची वाट ट्रेव्हिथिकने आधी पाडलेली होती.

पैसा त्याच्याकडे टिकला नाही. १८१६ मध्ये तो पेरूच्या चांदीच्या खाणींवर इंजिनं लावायला गेला. तिथे स्वातंत्र्ययुद्ध पेटलं, सगळं बुडालं. मध्य अमेरिकेच्या जंगलांतून हालअपेष्टा काढत १८२७ मध्ये तो कार्ताखेना बंदरात फाटक्या अवस्थेत पोचला, तेव्हा तिथे योगायोगाने भेटला जॉर्ज स्टीव्हन्सनचाच मुलगा रॉबर्ट. त्याने घरी जायला पन्नास पौंड दिले. १८३३ मध्ये डार्टफर्डच्या एका खानावळीत ट्रेव्हिथिक वारला. खर्च कारखान्यातल्या सोबत्यांनी वर्गणी काढून केला. थडग्यावर दगडही लागला नाही.

आता परत त्या गिडीकडे, कारण कॉर्नवॉलच्या गोष्टीत मला सगळ्यात चकवणारा माणूस हाच वाटतो. पेंझान्स गावात एका वैद्याच्या घराच्या अर्ध्या फाटकावर एक पोरगा झोके घेत होता. गिडीसोबतचा माणूस म्हणाला, हा लाकडावर कोरीवकाम करणाऱ्या डेव्हीचा मुलगा, याला रसायनांचे प्रयोग करायचा नाद आहे. गिडीने त्याला बोलावलं, आपली पुस्तकं वाचायला मोकळी केली आणि १७९८ मध्ये ब्रिस्टलच्या एका संस्थेत कामाला लावलं. तिथे वेगवेगळे वायू हुंगायला देऊन रोग बरे होतात का ते पाहात. हम्फ्री डेव्ही तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. त्याने नायट्रस ऑक्साइड, म्हणजे हसवणारा वायू, स्वतःवरच करून पाहिला आणि १८०० मध्ये लिहिलं की शस्त्रक्रियेच्या वेळी वेदना कमी करायला याचा उपयोग होईल. ते वाक्य कोणी मनावर घेतलं नाही. दात काढताना हा वायू वापरायला १८४४ उजाडलं. मधली चव्वेचाळीस वर्षं माणसं शुद्धीवर असताना कापली जात होती.

पुढे लंडनला गेल्यावर डेव्हीने १८०७ मध्ये वितळवलेल्या क्षारातून वीज सोडून आधी पोटॅशियम आणि मग सोडियम वेगळं केलं. चमकते गोळे फुटून पेट घेताना पाहून तो खोलीभर नाचला. त्याच्या सुरक्षित दिव्याबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं. १८१२ मध्ये उत्तर इंग्लंडमधल्या फेलिंगच्या कोळसा खाणीत वायूचा स्फोट होऊन ९२ माणसं आणि पोरं मेली. उघडा दिवा घेऊन आत जायचं म्हणजे मृत्यूला काडी लावायची. डेव्हीने १८१५ मध्ये दिव्याभोवती बारीक तारेची जाळी बसवली. शाळेच्या प्रयोगशाळेत बर्नरच्या ज्योतीत तारेची जाळी आडवी धरून पाहिली असेल, तर ज्योत जाळीच्या खालीच राहते हे आठवेल. तार ज्योतीची उष्णता शोषून घेते, त्यामुळे पलीकडचा वायू पेटण्याइतका तापत नाही. एवढंच. डेव्हीने पेटंट घेतलं नाही. उपरोध असा की त्याच्या गावाकडच्या कथलाच्या खाणींत हा वायू सहसा नसतोच. आणि हाच दिवा आपण आधी केला असं म्हणत भांडायला कोण उभं राहिलं? पुन्हा जॉर्ज स्टीव्हन्सन. या वेळी स्टीव्हन्सनची बाजू खोटी नव्हती. त्याने त्याच वर्षी स्वतंत्रपणे दिवा केला होता, आणि डेव्हीने त्याच्यावर चोरीचा आळ घ्यायला नको होता.

डेव्ही रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला आणि त्याच्यानंतर १८२७ मध्ये त्याच खुर्चीवर बसला त्याला फाटकावर शोधणारा गिडी. बायकोच्या माहेरची मिळकत मिळावी म्हणून तोवर त्याने आडनाव बदलून गिल्बर्ट केलं होतं. हे सगळं छान. पण याच गृहस्थाने १८०७ मध्ये पार्लमेंटात गरिबांच्या शाळांच्या विधेयकाला विरोध केला. मजुरांना शिकवलं तर त्यांना आपल्या वाट्याला आलेल्या जिण्याचा तिटकारा येईल, वरिष्ठांपुढे ते मान तुकवणार नाहीत, असं त्याचं म्हणणं होतं. सुताराच्या जातीचं काम करणाऱ्याचा पोरगा त्याने हाताला धरून वर नेला, आणि त्याच वर्षी त्या पोराने पोटॅशियम काढून दाखवलं. तरी गिडीला दोन गोष्टींचा मेळ घालावासा वाटला नाही.

खाणीच्या मुलखात दगडमातीकडे पाहण्याची नजर सगळ्यांनाच होती, पाद्र्यांनाही. विल्यम ग्रेगर हा असाच एक पाद्री. १७९१ मध्ये मॅनॅकन गावच्या ओढ्यात त्याला काळी वाळू मिळाली, लोहचुंबकाला चिकटणारी. तिच्यातलं लोखंड वेगळं काढल्यावर जे उरलं ते ओळखीच्या कुठल्याच धातूशी जुळेना. त्याने गावावरूनच तिला 'मेनाकॅनाइट' म्हटलं. चार वर्षांनी जर्मनीत क्लाप्रोथ या रसायनशास्त्रज्ञाने हाच धातू दुसऱ्या खनिजात शोधला आणि टायटॅनियम हे भारदस्त नाव दिलं, तेच टिकलं. त्या काळ्या वाळूचं आजचं नाव इल्मेनाइट. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पांढऱ्या पुळणीत जे काळसर पट्टे दिसतात, त्यांत हेच असतं. भिंतीचा पांढरा रंग आणि टूथपेस्टचा पांढरेपणा बहुधा टायटॅनियमचाच.

'रँग्लर' हा शब्द मराठी माणसाला रँग्लर परांजप्यांमुळे माहीत आहे. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिला येणारा तो सीनियर रँग्लर, आणि १८९९ मध्ये रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे तो झाले. त्याच यादीत १८०१ आणि १८४३ ही दोन वर्षं कॉर्निश मुलांची. १८०१ चा हेन्री मार्टिन, ट्रुरोचा. गणित सोडून कंपनी सरकारचा पाद्री म्हणून हिंदुस्थानात आला, दानापूर आणि कानपूरला राहिला, बायबलच्या नव्या कराराचं उर्दू भाषांतर केलं आणि १८११ मध्ये मुंबईमार्गे इराणला गेला. पुढच्याच वर्षी, एकतिसाव्या वर्षी, तुर्कस्तानातल्या तोकात गावी वारला. १८४३ चा जॉन काउच अॅडम्स, लॅनीस्ट गावच्या, दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या कुळाचा मुलगा. युरेनस ग्रह वाटेवरून थोडा ढळतो, म्हणजे त्याला कोणीतरी ओढत असणार, तो न दिसणारा ग्रह कुठे असेल हे त्याने कागदावर काढलं. फ्रान्समध्ये ल व्हेरिए या गणितज्ञानेही तेच केलं आणि २३ सप्टेंबर १८४६ ला बर्लिनच्या वेधशाळेत त्याच्या आकड्यांवरून नेपच्यून सापडला. इंग्रजांनी श्रेय अर्धं-अर्धं वाटून घेतलं. पण अॅडम्सचे आकडे दर वेळी बदलत होते, ग्रिनिचच्या वेधशाळेतून आलेल्या प्रश्नाला त्याने उत्तरही पाठवलं नाही. मला तरी मान ल व्हेरिएचाच वाटतो. अॅडम्स स्वतः या वादात कधी पडला नाही आणि 'सर' ही पदवीही त्याने नाकारली.

१८६० च्या दशकात तांब्याचे भाव कोसळले आणि खाणी बंद पडू लागल्या. पण उभ्या शिरेमागे खोल जायचं आणि पाणी उपसत राहायचं, ही विद्या जगात कुठेही विकली जात होती. माणसं ऑस्ट्रेलिया, मेक्सिको, अमेरिका, दक्षिण आफ्रिका अशी पांगली. जमिनीत कुठेही भोक दिसलं तर तळाशी कॉर्निश माणूस सापडेल, अशी म्हणच पडली. आपल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींतही ते आले. मेक्सिकोत रेआल देल मोंते गावी त्यांची पेस्टी अजून विकली जाते. बटाटा-मांस भरलेली, कडेला जाड मुरड घातलेली, आपल्या करंजीची थोरली बहीण वाटावी अशी. मागे राहिल्या बायका. खाणीच्या तोंडाशी हातोड्याने खनिज फोडणाऱ्या या बायकांना 'बाल मेडन' म्हणत. बाल म्हणजे कॉर्निशमध्ये खाण. हजारो होत्या, पण थोरांच्या याद्यांत त्यांच्यातलं एक नाव मिळणं मुश्कील.

यादीत जी एक गरीब बाई आली ती गुन्हेगार म्हणून. फॉवी बंदरातल्या कोळ्याची मुलगी मेरी ब्रायंट. चोरीबद्दल शिक्षा होऊन ती कैद्यांच्या पहिल्या ताफ्यातून ऑस्ट्रेलियाला गेली. मार्च १७९१ मध्ये नवरा, दोन पोरं आणि सात कैदी यांच्यासह तिने सिडनीहून एक होडी पळवली. नवराही कॉर्निश कोळी, होडी त्याच्या हातची. अकरा जणांनी पाच हजार किलोमीटरहून जास्त समुद्र कापला आणि दोन महिन्यांवर काही दिवस गेल्यावर सगळे जिवंत तिमोरला पोचले. तिथे ओळख फुटली. पकडून नेताना नवरा आणि दोन्ही पोरं दगावली. लंडनच्या तुरुंगातून तिला जेम्स बॉझवेल या लेखकाने खटपट करून सोडवलं आणि वर्षाला दहा पौंड लावून दिले. ती गावी परतली, आणि गप्प झाली.

आणि शेवटी एमिली हॉबहाउस. जन्म १८६०, सेंट ईव्ह नावाच्या खेड्यात, पाद्र्याच्या घरात. पस्तिशीपर्यंत आजारी वडिलांची सेवा करण्यात गेली. ते वारल्यावर ती पहिल्यांदा घराबाहेर पडली तीही अमेरिकेत मिनेसोटाला, तिथल्या कॉर्निश खाणकामगारांत काम करायला. बोअर म्हणजे दक्षिण आफ्रिकेतले डच वंशाचे शेतकरी. त्यांच्याशी झालेल्या बोअर युद्धात ब्रिटिश लष्कराने शेतं जाळून बोअर बायकापोरांना छावण्यांत कोंडलं, ते पाहायला १९०१ च्या जानेवारीत ती ब्लूमफाँटेनला पोचली. तंबूत माणसं दाटीवाटीने भरलेली, पाणी गढूळ, तापाची साथ. तिने शिध्यात साबण मागितला. अधिकाऱ्यांनी सांगितलं, साबण चैनीची वस्तू आहे. ज्या देशाने पिअर्सच्या जाहिरातींनी जग रंगवलं, त्याच्या छावणीत ही गत! वाद घालून घालून तिने साबण गरजेच्या यादीत आणला. तिच्या अहवालाने लंडन हादरलं. त्याच वर्षी ती परत गेली तेव्हा सरकारने तिला केपटाउनला उतरू दिलं नाही, उचलून दुसऱ्या जहाजावर घातलं. या छावण्यांत सव्वीस हजारांवर बायकामुलं मेली, बहुतेक लहान मुलंच. काळ्या लोकांच्या छावण्या वेगळ्या होत्या आणि तिथेही हजारोंनी माणसं गेली. त्यांच्यापर्यंत एमिली फारशी पोचली नाही, हेही सांगायला हवं.

१९१४ मध्ये गांधीजी दक्षिण आफ्रिकेत तिथल्या सरकारातल्या मंत्री स्मट्सशी वाटाघाटी करत होते, तेव्हा तिने स्मट्सला पत्र लिहून त्यांच्याशी तडजोड करण्याचा आग्रह धरला. १९२६ मध्ये ती वारली, तेव्हा गांधीजींनी 'यंग इंडिया'त तिच्यावर लिहिलं. अस्थी ब्लूमफाँटेनच्या स्मारकाशी पुरल्या. म्हातारपणी तिच्याकडे पैसे नाहीत हे कळल्यावर बोअर बायकांनी अडीच-अडीच शिलिंग वर्गणी काढून २,३०० पौंड पाठवले आणि त्यातून तिने कॉर्नवॉलमध्ये, सेंट आइव्ह्जला, समुद्राकाठी घर घेतलं.